लग्नघर पाहुणं होतं तेव्हा

साखरपुडा उरकला की लग्नघराची हिशेबाची वही उघडते आणि पुढचे दोन-तीन महिने ती काही मिटत नाही. हॉलची आगाऊ रक्कम, केटररचा ताटाचा भाव, बस्ता, दागिने, पत्रिका, गुरुजींची दक्षिणा, फोटोवाल्याचा पहिला हप्ता. या वहीत एका गोष्टीचं पान सहसा सापडत नाही, कारण तिच्यावर लग्नघराचा पैसा खर्चच होत नाही. ती लिहिलेली असते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, तारखांच्या चौकोनांत कशीबशी कोंबून: शनिवारी रात्री मावशी, रविवारी दुपारी आत्या, रविवारी रात्री ऑफिसातले, गुरुवारी समोरचे काका. ही केळवणं. लग्न ठरलेल्या मुलीला किंवा मुलाला, बहुधा घरच्यांसकट, आप्तेष्टांनी जेवायला बोलवायचं, गोडाधोडाचं करून वाढायचं, ओवाळायचं आणि हातात काहीतरी ठेवायचं, एवढाच हा प्रकार. त्याला मुहूर्त लागत नाही, मंत्र लागत नाहीत, गुरुजी तर नाहीतच. त्यामुळे लग्नावर लिहिणारे त्याला दोन ओळी देतात आणि हळदीकडे वळतात. मला मात्र मराठी लग्नातला सगळ्यात शहाणा समारंभ हाच वाटतो. त्यातली खरी गंमत पुरणपोळीत नाही. कोण कोणाला वाढतंय, तिथे ती आहे.

आधी पान नीट पाहू. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. मधे वरण-भाताची मूद आणि तिच्यावर तुपाची धार. खाली पाट असेल तर पाटाभोवती रांगोळीची महिरप, डायनिंग टेबल असेल तर ताटाभोवती शेवंतीच्या पाकळ्या, आणि जागा असेल तिथे समई. कोकणस्थ-देशस्थांकडे पुरणपोळी किंवा श्रीखंड-पुरी, अळूचं फतफतं, मसालेभात. कोल्हापूरकडच्या मराठा घरात तांबडा-पांढरा रस्सा नसेल तर पाहुण्याचा मान राखला असं कोणी म्हणणार नाही. सीकेपी घरात कोळंबी आणि वालाचं बिरडं, खानदेशात खापरावरचे मांडे. केळवण हा ब्राह्मणी प्रकार आहे असं शहरात बसून पुष्कळांना वाटतं, पण ते खरं नाही. बऱ्याच भागांत त्याला गडगनेर म्हणतात आणि शब्द वेगळा असला तरी रीत तीच. जेवणाआधी किंवा नंतर घरातली बाई हळदकुंकू लावते, निरांजनाने ओवाळते, मुलीची ओटी भरते: तांदूळ किंवा गहू, नारळ, हळकुंड, सुपारी, खण. मुलाच्या हातात शर्टपीस येतो, हल्ली बहुतेक वेळा कोपऱ्यात रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट. मग कोणीतरी म्हणतं, ‘नाव घे गं,’ आणि अजून लग्न न झालेल्या मुलीला उखाणा सुचेपर्यंत पहिला घास तोंडाशी थांबून राहतो.

आता हेच चित्र कार्यालयात कसं दिसतं ते पाहा. दाराशी मुलीचे आईवडील हात जोडून उभे असतात. कोणाला मान द्यायचा राहिला, कोणाला पंगतीत उशिरा बसवलं, मुलाकडच्या कोणत्या काकांचा चहा गार निघाला, या धास्तीत त्यांचा दिवस जातो. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांना धड जेवायलाही मिळत नाही. लग्नघर यजमान आणि बाकी सगळं जग पाहुणं, अशी ही मांडणी. केळवण ती उलटी करतं. तिथे लग्नघर पाहुणं होतं. ज्या बाईला पुढच्या महिन्यात पाचशे माणसांची सरबराई करायची आहे तिला कोणीतरी म्हणतं, ‘वहिनी, तुम्ही बसा, उठायचं नाही.’ साखरपुड्यापासून लग्नाच्या दिवसापर्यंतच्या सगळ्या समारंभांत असं वाक्य ऐकू येण्याची दुसरी जागा मला तरी दिसत नाही. आणि हे एकदाच होत नाही. महिना-दीड महिना, दर आठवड्याला, वेगवेगळ्या घरांत होत राहतं. ज्यांच्यावर ओझं येणार आहे त्यांना आधी खाऊपिऊ घालून ठेवायचं, असा हा हिशेब.

हिशेब म्हटला तर तो आकड्यांतही करून पाहता येतो. समजा, बारा घरांनी केळवणं केली आणि प्रत्येक ठिकाणी आठ-दहा पानं झाली, तर शंभराच्या आसपास पानं उठली. एवढ्या माणसांचं जेवण कार्यालयात द्यायचं तर एका घराला आधी पैशाची जुळवाजुळव करावी लागेल. बारा दारांवर वाटून गेल्यावर ते प्रत्येकाला एका रविवारच्या स्वयंपाकाएवढं पडतं. कर्ज कोणालाच काढावं लागत नाही. लग्नं आधीच उधळी झाली आहेत, त्यात आणखी एका जेवणावळीची वकिली कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. उधळपट्टीची ओरड जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला. कुणबी लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो, हे तेव्हाच्या साहेबलोकांचं लाडकं मत होतं. तपासाअंती आयोगाने लिहिलं ते असं की कर्जाचं कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. ऐपतीच्या मानाने तो खर्च जड असला तरी असे प्रसंग आयुष्यात क्वचित येतात. दीडशे वर्षांनंतरही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘लग्नात खर्च होतो’ हे अर्धंच वाक्य झालं. तो किती दारांवर वाटला जातो आणि एकाच दारावर किती आदळतो, हे त्याचं उरलेलं अर्ध. केळवणाचा खर्च वाटलेला असतो, आणि तो करणारा आपण होऊन करतो.

आकाराचंही तसंच. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली तेव्हा राज्य सरकारने आदेश काढला होता: लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, पंचवीस माणसांत उरकायचं, मोडेल त्याला ५०,००० रुपये दंड. पंचवीस माणसांचं लग्न लोकांना ओकंबोकं वाटलं आणि त्यात नवल नाही, कार्यालयातलं लग्न गर्दीवरच उभं असतं. केळवणाला मात्र पंचवीस माणसं म्हणजे जास्तच झाली. ताटं शेजारून आणावी लागतील. तिथला आवाज एका खोलीत मावणारा असतो. नवरदेव दुसऱ्यांदा आमटी मागतो का, हे वाढणाऱ्याला दिसतं. कार्यालयातल्या स्टेजवर रांग लावून, हात मिळवून, फोटोसाठी डावीकडे पाहून उतरणाऱ्या माणसाला नवरदेवाच्या आवडीनिवडीतलं काही कळत नाही. त्याने हात मिळवला तो नवरदेवाशीच ना, एवढीही खात्री कधीकधी नसते.

केळवण फक्त लग्नाचं नसतं, हेही विसरायला नको. मुंज ठरलेल्या बटूचंही केळवण होतं. मुंजीत पुढे मातृभोजन येतं, आईच्या ताटात मुलाचं शेवटचं जेवण. म्हणजे जो माणूस एका आयुष्यातून उठून दुसऱ्यात जायच्या बेतात आहे त्याला निघण्याआधी आपल्या हातचं खाऊ घालायचं, हा या रिवाजाचा गाभा. अगदी हीच रीत बंगालमध्ये आहे आणि तिचं नाव आहे ‘आइबुडोभात’. आइबुडो म्हणजे अविवाहित, म्हणून बिनलग्नाच्या माणसाला घातलेला भात. तिथेही आईवडिलांच्या घरी ते होतं आणि मामा-काका-मावश्या आपापल्या घरी बोलावतात. फक्त पुरणपोळीच्या जागी मासे आणि पायेश. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नवरीचा चुडा परंपरेने मामाच्या घरी भरतात. एवढ्या दूरदूरच्या माणसांना तेच सुचावं, यावरून गरज खरी असावी असं मला वाटतं. लग्न ज्यांच्या घरात आहे त्यांच्याशिवाय इतरांनाही त्यात हात घालायला जागा हवी असते, आणि ती जागा स्वतःच्या दारात असेल तर उत्तम.

ही रीत बदलली नाही असं मात्र नाही. आपल्याकडे नवरी आठ-दहा वर्षांची असायची तेव्हाचं केळवण म्हणजे पोरीचे लाड होते. सासरी गेल्यावर असं कोण विचारणार, म्हणून. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा केलं, १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झालं, आणि आज शहरातली नवरी बऱ्याचदा तिशीजवळची, स्वतःचा पगार असलेली, कधी आईवडिलांनाच पोसणारी असते. तिच्यासाठी केळवण म्हणजे लाडाचा शेवटचा घास नव्हे. दुसरा बदल याहून मोठा आहे. पूर्वी मुलाचं केळवण मुलाकडचे करत, मुलीचं मुलीकडचे. अंतरपाटाआधी दोघांनी एका पंगतीत बसायचा प्रश्नच नव्हता. आता आमंत्रण बहुतेक दोघांना असतं. त्याने केळवणाचं कामच पालटलं. मुलीच्या आत्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात होणारा जावई पहिल्यांदा पाऊल ठेवतो, चप्पल कुठे काढायची हे पाहतो, बाथरूमचं दार अडकतं हे त्याला सांगितलं जातं, भिंतीवरच्या फोटोतले आजोबा कोण ते कळतं. लग्नात त्याला दोनशे नातेवाईक भेटवले जातील आणि त्यातला एकही लक्षात राहणार नाही. इथे दोन तासांत चार माणसं कायमची ओळखीची होतात. तिलाही त्याच्या काकांकडे कळतं की या घरात सगळे तिखट खातात, काकू कमी बोलते पण तिचा शब्द चालतो, आणि दोन चुलत भावांत वरवर दिसतं तेवढं सख्य नाही. गुजरातीत ‘केळवणी’ म्हणजे शिक्षण. दोन शब्दांचं नातं ताणायची गरज नाही, पण आपल्या केळवणातही शिकणं बरंच चालतं.

आणखी एक गोष्ट केळवणात घडते, तिच्याबद्दल उघडपणे कोणी बोलत नाही. केळवणाचं आमंत्रण ही संमती असते. मुला-मुलीने स्वतः ठरवलेलं, जातीबाहेरचं किंवा धर्माबाहेरचं लग्न असेल तर हे लख्ख दिसतं. कार्यालयात आलेला काका लोकलाजेस्तव आलेला असू शकतो. शेवटच्या रांगेत बसून, अक्षता टाकून, जेवून निघून जाईल. पण ज्याने स्वतःच्या घरी, स्वतःच्या ताटात त्या दोघांना वाढलं त्याला नंतर ‘आम्हाला हे पसंत नव्हतं’ असं म्हणता येत नाही. म्हणून अशा लग्नात पहिलं केळवण कोण करतं याकडे सगळ्या गोतावळ्याचं लक्ष असतं. घरातल्या एखाद्या वजनदार आजीने किंवा आत्याने बोलावलं की बाकीच्यांचे फोन सुरू होतात. नोंदणी पद्धतीच्या लग्नात तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने याची सोयच करून ठेवली आहे म्हणायची: विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं. कायद्याला ते दिवस हरकती मागवायला हवे असतात, आणि पुष्कळ जोडप्यांना त्यांचा जाचच होतो. पण जिथे माणसं बरी असतात तिथे त्याच तीस दिवसांत केळवणं होऊन जातात, आणि नातेवाईक पाठ फिरवून बसले असतील तर मित्र करतात.

इथे एक वजनदार आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. एकत्र जेवल्याने जात जात नाही, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच सांगून ठेवलं आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि कधीच न झालेल्या त्या भाषणात त्यांनी सहभोजनांचा मोठेपणा मोडीत काढला आणि खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच, असं मांडलं. मग केळवणातल्या पुरणपोळीचं काय कौतुक? कौतुक एवढंच की इथे क्रम उलटा आहे. सुधारकांच्या सहभोजनात लोक एकत्र जेवत आणि लग्नं आपापल्या जातीत करायला घरी परतत. आंतरजातीय जोडप्याच्या केळवणात बेटीव्यवहार आधीच ठरलेला असतो आणि रोटीव्यवहार त्याच्यामागून त्याला मान्यता द्यायला येतो. तो जोडप्याला जातीतून सोडवत नाही, हे कबूल. पण ज्या घरात मटण शिजत नाही त्या घराने होणाऱ्या जावयाला मान देऊन बसवणं आणि ज्या घरात शिजतं त्या घराने होणाऱ्या सुनेसाठी त्या दिवशी आठवणीने पनीर करणं, या गोष्टी घडताना पाहणाऱ्या लहान पोरांना नंतर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. अर्थात याची दुसरी बाजूही तेवढीच खरी: काही घरांतून बोलावणं येतच नाही, आणि ते न येणं जोडप्याला जन्मभर आठवतं.

केळवणावरचा सगळ्यात खरा आक्षेप स्वयंपाकघरातून येतो. पाहुणचार घराचा आणि कंबर बाईची. पुरण शिजवून वाटायचं, कणीक मळून मुरू द्यायची, दोन भाज्या, कोशिंबीर, भजी, मसालेभात, वर पंचामृत. त्या दिवशी घरातली बाई पहाटेपासून ओट्याशी असते आणि सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेल्या भातावर वरण ओतून घेते. पुरुष ‘आमच्याकडे या हं केळवणाला’ असं आमंत्रण देऊन मोकळे होतात. लग्नघराला दिलेली विश्रांती दुसऱ्या घरातल्या बाईच्या पाठीतून काढली जात असेल तर ती उलटापालट काय कामाची? या आक्षेपाला सबबी सांगण्यात अर्थ नाही, तो मान्यच करावा. मात्र त्यावर बैठक मोडणं हा उपाय नाही, बेत उतरवणं हा आहे. केळवणाला सोळा पदार्थ हवेत असं कोणत्या पोथीत लिहिलंय? पुरणपोळ्या बचत गटाकडून किंवा कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणल्या तर ओटीतला नारळ काही नाराज होत नाही. थालीपीठ, लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी आणि शेवटी वाटीभर खीर, एवढ्यावर उत्तम केळवण होतं. आणि थालीपीठ थापायला बाईच लागते असंही नाही. जोडप्याच्या बाजूनेही पाहा. चार शनिवार-रविवारांत आठ ठिकाणी बासुंदी रिचवलेल्या मुलीला नवव्या घरात साधा दहीभात मिळाला तर ती त्या घराला दुवाच देईल. इतके पोटाचे हाल करून शेवटी लग्नाचा ब्लाऊज उसवावा लागतो, ही तक्रार तर प्रत्येक शिंपिणीच्या दुकानात ऐकू येते.

दुसरी तक्रार आहेराची. केळवण म्हणजे देण्याघेण्याचं आणखी एक खातं, असं म्हणतात, आणि आहेराच्या वह्या पाहिल्या तर ते खोटंही वाटत नाही: कोणी काय दिलं, किती दिलं, पुढे त्यांच्याकडे कार्य निघालं तर आपण किती द्यायचं. दिलेली भेट कधीच फुकट नसते, ती देणं, घेणं आणि परत करणं अशा तिन्ही बाजूंनी बांधलेली असते, हे मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली जगभरच्या समाजांचे दाखले देऊन मांडलं. आपल्या आज्यांना ते वहीतूनच ठाऊक होतं. पण केळवणाचं खातं थोडं वेगळ्या तऱ्हेने चालतं. मावशीने तुम्हाला जेवू घातलं त्याची फेड मावशीला करता येत नाही; तिचं लग्न कधीच होऊन गेलेलं असतं. ती फेड पंधरा-वीस वर्षांनी तिच्या मुलीला, नातवाला, कधी तिसऱ्याच कोणाला होते. शेजारच्या काकांचा हिशेब तर बहुतेक वेळा चुकताच होत नाही. ते घर बदलून गेलेले असतात. लगेच फिटत नाही आणि पुरतं कधीच फिटत नाही, असं हे देणं. हल्ली पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नयेत’ असं छापतात आणि ते योग्यच आहे, पण त्यामुळे द्यायची हौस असलेली माणसं केळवणाच्या पाकिटाकडे वळली आहेत, हेही खरं. पाकीट जड होऊ लागलं की बोलावणाऱ्याचा हात आखडतो. तेवढ्यापुरती वहीची आठवण ठेवावी.

ओवाळण्याचं काय, हा प्रश्न बराच उशिरा विचारला जाऊ लागला. सवाष्णीनेच ओवाळायचं, सवाष्णीनेच ओटी भरायची, या नियमापायी जी बाई दिवसभर राबली तीच, नवरा गेलेली असेल तर, ऐन वेळी आत कपबश्या विसळत उभी राहते. ज्या मावशीने भाचीला अंगाखांद्यावर खेळवलं तिनेच तिच्या कपाळाला कुंकू लावायचं नाही, ही यातली सगळ्यात कुरूप गोष्ट. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. ठरावाने मनं लगेच बदलत नाहीत. पण केळवण हा ती बदलायला सोपा समारंभ आहे, कारण इथे विधी चुकल्याची भीती दाखवणारं कोणी नसतं. घरची गोष्ट घरातच ठरते. निरांजन कोणाच्या हातात द्यायचं हे नवरीने सांगितलं की प्रश्न मिटला, आणि आजची नवरी ते सांगू शकते.

केळवण विसरलं जाईल अशी चिंता कोणी करू नये. तसा धोका नाही. उलट ते फारच आठवणीत आहे, पंचाईत होते ती त्यामुळे. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला, आणि नंतरच्या काळात संगीत आणि मेहंदी हे आपल्याकडे नसलेले समारंभ मराठी लग्नांत असे काही शिरले की आता ते पूर्वापार वाटतात. त्यांच्याबद्दल मला राग नाही. नाचायला कोणाला आवडत नाही? पण त्या प्रत्येकाचं बिल लग्नघराच्या वहीत जातं, प्रत्येकात लग्नघरच यजमान असतं. आता तीच सवय केळवणात येऊ पाहते आहे. मागे ‘केळवण’ अशी अक्षरं लावलेला पडदा, भाड्याने आणलेली पितळी ताटं, झेंडूच्या माळा, दोघांच्या नावाच्या पाट्या, आणि ताट गार होईपर्यंत चाललेलं चित्रीकरण. हौस असावी, पण एका मावशीने असं केलं की दुसरीला जेमतेम खोलीत साधं पान मांडायला संकोच वाटू लागतो, आणि ती म्हणते, त्यापेक्षा हॉटेलातच जाऊ. हॉटेल वाईट असं नाही. ज्यांच्या घरात आठ माणसं बसायला जागा नाही किंवा घरात आजारी माणूस आहे त्यांनी थाळीच्या हॉटेलात बोलावलं तर त्यांचं प्रेम कमी ठरत नाही. पण तिथे वाढणारा वेटर असतो. ‘आणखी एक घे, माझ्यासाठी’ हे वाक्य त्याच्या तोंडी शोभत नाही. बिल आलं की बोलावणारा आणि आलेला अशा दोघांचीही नजर त्याच्याकडे जाते, आणि ज्या घराची ओळख व्हायची ते घर पाहायचं राहूनच जातं. परदेशात स्थायिक झालेली मराठी माणसं एकमेकांच्या मुलांची केळवणं दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, फ्रोझन पुरणपोळ्या तव्यावर गरम करून करतात. त्यांना पडद्यापेक्षा माणूस दुर्मिळ असतो म्हणून असेल.

सगळी केळवणं आटोपल्यावर एक उरतं, घरचं केळवण. लग्नाला दोन-चार दिवस असताना, ग्रहमख करणाऱ्या घरांत बहुधा त्याच दिवशी, मुलीचे स्वतःचेच आईवडील तिचं केळवण करतात. महिनाभर तिला सगळ्यांनी पाहुणी म्हणून बसवलेलं असतं, आता तिचंच घर तिला पाहुणी म्हणून पाटावर बसवतं. जिथे ती रोज उभ्याउभ्या पोळीचा तुकडा तोंडात टाकून बसस्टॉपकडे पळाली, त्याच स्वयंपाकघराच्या दारात तिच्या पानाभोवती रांगोळी काढतात. आई ओवाळते. बाबांना काय करावं ते सुचत नाही म्हणून ते तूप वाढायला घेतात, आणि भातावरून तूप ओघळून खालच्या रांगोळीवर जातं तरी त्यांचा हात थांबत नाही.